बेवारस सेमाफोर

रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी उभा असलेला इन्फ्युजन पंप औषधाचा थेंब न् थेंब मोजून शिरेत सोडत असतो आणि पाहणाऱ्याला ते एकच सरळ काम वाटते. परंतु त्या पेटीत बसविलेल्या लहानशा संगणकात एकाच वेळी अनेक कामे चाललेली असतात. एक काम मोटरीची गती राखते, दुसरे नळीतील दाबावर लक्ष ठेवते, तिसरे पडद्यावरचे आकडे बदलते, चौथे परिचारिकेने दाबलेल्या बटणांची दखल घेते आणि पाचवे, काही बिघडलेच तर, धोक्याची घंटा वाजविते. अशा प्रत्येक कामाला या व्यवसायात ‘टास्क’ म्हणतात, आणि कोणत्या क्षणी कोणी चालावे व कोणी थांबावे याचा कारभार पाहणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपल्या मेजावरच्या संगणकाने उत्तर द्यायला थोडा उशीर केला तर आपण घटकाभर त्रासतो आणि विसरून जातो. रिअल-टाइम यंत्रणेत मात्र उशिरा आलेले बरोबर उत्तर चुकीच्या उत्तराइतकेच निरुपयोगी, आणि प्रसंगी तितकेच घातक ठरते. मोटारीचे ब्रेक, विमानाचे नियंत्रण, कारखान्यातील यंत्रमानव आणि परग्रहावर उतरणारी याने ही सारी अशाच यंत्रणांच्या भरवशावर चालतात.

या यंत्रणांविषयी जे लिहिले व शिकविले जाते त्यात टास्क सुरू कसे करावेत, त्यांना अग्रक्रम कसा द्यावा आणि ती कामे वेळेत कशी पार पडावीत याचे वर्णन सविस्तर असते. परंतु एखादा टास्क मध्येच संपला, किंवा त्याला संपविण्यात आले, तर त्याच्या ताब्यात असलेल्या गोष्टींची व्यवस्था कोणी व कशी लावावयाची, हा प्रश्न बहुधा शेवटच्या प्रकरणाच्या शेवटच्या परिच्छेदात उरकला जातो. या लेखाचा विषय तोच प्रश्न आहे. यंत्रणा किती विश्वासपात्र आहे हे तिच्यातील कामे चालू असताना फारसे कळत नाही. एखादे काम अर्ध्यावर तुटले असता तिच्यात मागे काय उरते, यावरून ते कळते, असे माझे ठाम मत आहे.

अनेक टास्क एकाच स्मृतीत काम करतात, एकाच तारेवरून संदेश पाठवितात, एकच मोटर चालवितात. म्हणून एकाचे लिहिणे अर्धवट असताना दुसऱ्याने ते वाचू नये याचा बंदोबस्त करावा लागतो. या बंदोबस्ताचे सर्वांत प्रसिद्ध साधन म्हणजे सेमाफोर. रेल्वेच्या सिग्नलावरून नाव घेतलेले हे साधन एड्सगर डाइक्स्ट्रा या डच गणितज्ञाने 1960 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत कल्पिले, आणि आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात इलेक्ट्रॉलॉजिका कंपनीच्या एक्स-8 या संगणकावर आपल्या सहकाऱ्यांसह रचलेल्या प्रणालीत त्याचा प्रत्यक्ष उपयोग करून 1968 मध्ये त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. सेमाफोरचे स्वरूप आश्चर्य वाटावे इतके साधे आहे: एक आकडा आणि एक रांग. आकडा 1 असेल तर येणारा टास्क तो 0 करून आत शिरतो. 0 असेल तर येणारा रांगेत झोपी जातो. आत गेलेला टास्क काम आटोपून बाहेर पडताना, रांगेत कोणी असल्यास त्यातील एकाला जागे करतो, नसल्यास आकडा पुन्हा 1 करून ठेवतो. घेणे व परत करणे या दोन्ही क्रिया अखंड असतात, म्हणजे त्यांच्या अधेमधे कोणालाही शिरता येत नाही. एवढ्या भांडवलावर परस्परावलंबी कामांचे एक मोठे शास्त्र उभे राहिले.

परंतु या शास्त्राच्या पायाशी एक गृहीतक आहे. 1965 साली डाइक्स्ट्राने एक छोटासाच पण पुढे अत्यंत गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. सामाईक साधनाचा वापर ज्या भागात होतो त्याला तो निर्णायक भाग म्हणत असे, आणि त्या निबंधात त्याने एक अट घातली होती की एखादे यंत्र आपल्या निर्णायक भागापासून पुरेसे दूर असताना बंद पडले, तर त्यामुळे इतरांचा मार्ग अडता कामा नये. या अटीचे दुसरे अंग लक्षात घेण्यासारखे आहे. निर्णायक भागाच्या बाहेर थांबलेल्याचा विचार तिच्यात आहे. आतच थांबला तर काय, याविषयी ती मौन पाळते. जो आत गेला तो केव्हातरी बाहेर येणारच, हे गृहीत धरूनच पुढील सर्व सिद्धता चालते. डाइक्स्ट्राने मांडलेल्या प्रश्नापुरते ते गृहीतक रास्तच होते. परंतु प्रत्यक्षातील टास्कवर त्याचे बंधन नसते. एखादा टास्क शून्याने भागाकार करतो आणि प्रोसेसर त्याला तेथेच अडवितो. एखाद्याला दुसरा टास्क, तो गोठला आहे असे समजून, संपवितो. आणि सर्वांत अधिक वेळा असे घडते की प्रोग्रॅमच्या मध्यावर एखादी चूक आढळताच लिहिणाऱ्याने तेथूनच परत फिरण्याची मुभा ठेवलेली असते, पण परत फिरताना घेतलेला सेमाफोर परत करण्याची ओळ लिहावयाची राहून गेलेली असते.

असे झाले म्हणजे काय होते ते त्या पंपातच पाहू. समजा, औषधाचा दर, उरलेले औषध आणि या दोन्हींचा मेळ पडताळणारा आकडा अशी तीन घरांची एक नोंद आहे आणि तिच्यावर एका सेमाफोरचा पहारा आहे. परिचारिकेने दर ताशी 5 मिलिलिटरवरून 2 वर आणला. बटणांचा टास्क सेमाफोर घेतो, पहिल्या घरात 2 लिहितो, आणि दुसऱ्या घराकडे वळण्यापूर्वीच संपतो. आता सेमाफोरचा आकडा 0 आहे व तो 1 करणारा कोणी उरलेला नाही. पडद्याचा टास्क नोंद वाचावयास येतो आणि झोपी जातो. मोटरीचा टास्क येतो व त्याच्यामागे झोपतो. घंटेचा टास्क येतो, तोही रांगेला लागतो. प्रोसेसर मोकळा आहे, वीज आहे, एकाही टास्कने आपले कर्तव्य टाळलेले नाही, तरीही हळूहळू सारी पेटी स्तब्ध होते. या घटनेचे दुर्दैव असे की तपास करणाऱ्याला झोपलेले सर्व टास्क दिसतात. ज्याच्यामुळे ते झोपले तो मात्र दप्तरातून केव्हाच नाहीसा झालेला असतो.

म्हणून संपलेल्या टास्कच्या मागे काय काय उरते याचा नीट हिशेब मांडला पाहिजे. त्या हिशेबात तीन बाबी येतात: ज्या रांगांत तो उभा होता तेथील त्याची जागा, जे सेमाफोर त्याच्या हाती होते त्यांचा ताबा, आणि त्या सेमाफोरांच्या आड त्याने अर्धवट सोडलेले काम. या तिन्हींची जबाबदारी एकाच्या माथी मारता येत नाही, आणि या विषयातील बहुतेक घोटाळे त्यांची सरमिसळ केल्यामुळेच होतात.

पहिली बाब निखालस ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याची, म्हणजे ज्याला कर्नेल म्हणतात त्याची आहे. रांगेत झोपलेला टास्क संपविला गेला तर त्याचे नाव रांगेतून काढलेच पाहिजे. नाही तर सेमाफोर मोकळा होताच कर्नेल अस्तित्वात नसलेल्या टास्कला जागे करावयास जाईल आणि ज्या स्मृतीत आता दुसऱ्याच कोणाचा मजकूर आहे तिथे लिहून मोकळे होईल. याला जोडून एक सूक्ष्म कर्तव्यही येते. वरच्या अग्रक्रमाचा टास्क खालच्या अग्रक्रमाच्या टास्कची वाट पाहत असेल, तर अनेक प्रणाली त्या खालच्याला तात्पुरता वरचा अग्रक्रम देतात, म्हणजे त्याचे काम लवकर आटोपते. वाट पाहणाराच मध्ये संपला तर ही उसनी बढतीही परत घ्यावी लागते. उलट दिशेनेही प्रश्न उद्भवतो: टास्क रांगेत उभे असताना सेमाफोरच नष्ट केला तर? व्हीएक्सवर्क्स या प्रणालीत अशा वेळी रांगेतील सर्वांना जागे करून ‘तुमची मागणी फसली’ असे कळविले जाते. फ्रीआरटॉस या प्रणालीचे दप्तर मात्र बजावून सांगते की ज्याच्यावर कोणी खोळंबून आहे असा सेमाफोर नष्ट करूच नये.

दुसरी बाब ताब्याची. येथे सामान्य वाचकाच्या मनात सहज येईल की कर्नेलला सगळे ठाऊक असते, तर मग टास्क संपताच त्याच्या हातचे सेमाफोर त्याने स्वतःच परत का करू नयेत? याचे उत्तर सेमाफोरच्या साधेपणातच दडलेले आहे. तो केवळ एक आकडा असल्यामुळे त्यावर कोणाची मालकी नोंदलेली नसते. शिवाय त्याचा उपयोग कुलपासारखाच होतो असेही नाही. पुष्कळदा एक टास्क आकडा वाढवितो आणि दुसराच तो कमी करतो, म्हणजे तो केवळ ‘माल आला’ अशी वर्दी देण्याचे साधन असतो. अशा सेमाफोरचा आकडा एखाद्या टास्कने कमी केला यावरून तो परत करण्याचे देणे त्याच्याकडे लागते, असा निष्कर्ष काढता येत नाही. आणि कर्नेलने तो काढून आकडा वाढविलाच, तर न आलेल्या मालाची वर्दी दिल्यासारखे होईल. म्हणूनच म्यूटेक्स नावाचा वेगळा प्रकार निघाला. त्याच्या नोंदीत मालकाचे नाव असते आणि घेईल त्यानेच तो परत केला पाहिजे असा दंडक असतो.

टोकियो विद्यापीठातील केन साकामुरा यांच्या नेतृत्वाखाली 1984 साली सुरू झालेल्या ट्रॉन प्रकल्पातून जपानी उपकरणांत रूढ झालेल्या आयट्रॉन या प्रणालीचा दंडक या दृष्टीने फार बोलका आहे: टास्क संपला असता त्याच्याकडील म्यूटेक्स कर्नेल सोडवून देईल, परंतु त्याने घेतलेले सेमाफोर व स्मृतीचे तुकडे परत करण्याची जबाबदारी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याची. ज्याची मालकी नोंदलेली आहे त्याचीच वारसव्यवस्था कर्नेल लावू शकते, हे तत्त्व याहून स्पष्ट शब्दांत सांगणे कठीण. फ्रीआरटॉसने तर आपले कर्तव्य त्याहूनही आखडते घेतले आहे: कर्नेलने स्वतः टास्कला दिलेली स्मृती तेवढी ते परत घेते, बाकी जे काही टास्कने मिळविले असेल ते त्याने स्वतःच परत केले पाहिजे.

युनिक्सच्या परंपरेत याहून उदार प्रयोग झाला. तेथील सिस्टिम-फाइव्ह पद्धतीच्या सेमाफोरना ‘घेतलेले उलटवा’ अशी एक खूण लावता येते; मग कर्नेल प्रत्येक प्रोसेसच्या, म्हणजे चालू असलेल्या प्रत्येक प्रोग्रॅमच्या, नावे, तिने सेमाफोरच्या आकड्यात किती फरक केला याची खतावणी ठेवते आणि ती संपताच तेवढा फरक उलट करून टाकते. हेतू स्तुत्य आहे. पण आकडा कमी करून उलटवायची वेळ आली आणि मधल्या काळात दुसऱ्यांनी तो आधीच खाली आणलेला असला, तर करावयाचे काय? आकडा शून्याखाली जाऊ शकत नाही, आणि मरणाऱ्याला ताटकळत ठेवणेही शोभत नाही. लिनक्समध्ये आकडा शून्यापर्यंत उतरवून उरलेले देणे सोडून दिले जाते. हिशेब मिटतो, पण तो बरोबर मिटला असे कोणी म्हणू शकणार नाही.

यापुढची तिसरी बाब माझ्या मते सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याचकडे सर्वांत कमी लक्ष जाते. क्षणभर मानू की प्रत्येक कुलपावर मालकाचे नाव आहे आणि टास्क संपताच कर्नेल ते अचूक उघडते. पंपातील रांग आता हलू लागेल. पडद्याचा टास्क आत शिरेल आणि त्याला काय दिसेल? दर नवा, उरलेले औषध जुने, आणि पडताळणीचा आकडा दोहोंशी न जुळणारा. ज्या अर्धवट नोंदीपासून इतरांना दूर ठेवण्यासाठी सेमाफोर होता तीच आता सर्वांपुढे उघडी पडली. आधीची यंत्रणा निदान थांबली तरी होती. ही चालत राहील, आणि चुकीच्या आकड्यांवर चालत राहील.

आपल्याकडील अनेक एकेरी रेल्वेमार्गांवर कित्येक दशके चालत आलेल्या टोकनपद्धतीशी याची तुलना करता येईल. दोन स्टेशनांमधील मार्गावर एका वेळी एकच गाडी असावी म्हणून चालकाला यंत्रातून एक टोकन दिले जाते. ते पुढच्या स्टेशनच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरे निघत नाही. परंतु टोकन हाती आले एवढ्यावर स्टेशनमास्तर मार्ग मोकळा झाल्याचे मानीत नाही. शेवटच्या डब्यावरची खूण, दिवसा ‘एल. व्ही.’ची पाटी आणि रात्री तांबडा दिवा, डोळ्यांनी पाहिल्याखेरीज तो मागच्या स्टेशनला गाडी पोचल्याचे कळवीत नाही. कारण जोडणी तुटून काही डबे मागेच राहिले असतील, तर टोकन परत आले तरी मार्ग अडलेलाच असतो. कुलूप परत मिळणे आणि त्याच्या आडचे काम पुरे होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीची खात्री करून घेतल्याशिवाय पहिलीवर विसंबणे हाच अपघाताचा मार्ग आहे.

जावा या भाषेच्या कर्त्यांना हा धडा प्रत्यक्ष घ्यावा लागला. चालू थ्रेडला, म्हणजे तेथील टास्कला, बाहेरून थांबविण्याची एक आज्ञा त्या भाषेत प्रथमपासून होती, आणि ती थांबविताना त्याच्याकडील सर्व कुलपे आपोआप सोडून देत असे. वरवर पाहता याहून नीटनेटकी व्यवस्था कोणती असणार? परंतु त्यामुळे अर्धवट बदललेल्या वस्तू इतर थ्रेडच्या हाती पडू लागल्या, आणि त्यातून होणारे बिघाड मूळ घटनेपासून इतके दूर, इतक्या उशिरा प्रकट होत की त्यांचा माग लावणे जवळजवळ अशक्य होई. 1998 मध्ये आलेल्या आवृत्तीपासून ही आज्ञा वापरू नये असे जाहीर झाले, आणि 2023 मध्ये आलेल्या विसाव्या आवृत्तीत ती पूर्णतः निकामी करण्यात आली. आपोआप होणारी साफसफाई दर वेळी उपकारक असतेच असे नाही, याचा इतका ठळक दाखला दुसरा नाही.

मग मार्ग कोणता? एक मार्ग प्रामाणिक इत्तला देण्याचा आहे. पॉझिक्स या मानकाच्या 2008 च्या आवृत्तीत ‘रोबस्ट म्यूटेक्स’ म्हणून जो प्रकार आला त्यात मालक मरण पावला असता कुलूप पुढच्या मागणाऱ्याला मिळते, पण त्यासोबत स्पष्ट सूचनाही मिळते की पूर्वीचा मालक कुलूप हाती असतानाच मेला आहे. आता त्या नव्या धारकाने आडचा मजकूर तपासावा, दुरुस्त करावा आणि ‘आता सर्व सुसंगत आहे’ असे विधिपूर्वक जाहीर करावे. हे जाहीर न करताच त्याने कुलूप सोडले, तर ते कुलूप कायमचे बाद होते आणि यापुढे येणाऱ्या प्रत्येकाला तसे सांगितले जाते. विंडोजमध्येही सोडून दिलेला म्यूटेक्स घेणाऱ्याला तो बेवारस असल्याचे कळविले जाते.

रोबस्ट म्यूटेक्सची सोय लिनक्समध्ये 2006 साली आली, आणि तिच्यातील एक बारकावा जवळून पाहण्यासारखा आहे. प्रत्येक थ्रेड आपल्याकडील अशा कुलपांची यादी स्वतःच्या स्मृतीत ठेवतो आणि तो संपताच कर्नेल ती यादी चाळते. पण कुलूप घेतले आणि यादीत चढविणे राहिले, एवढ्या निमिषातच मरण आले तर? त्यासाठी यादीबरोबर एक जादा घर ठेवलेले असते: कुलपाला हात लावण्यापूर्वीच ‘मी हे घ्यावयास निघालो आहे’ अशी नोंद तेथे करावयाची, आणि यादी पुरी झाल्यावर ती पुसावयाची. शिवाय बिघडलेली यादी वर्तुळासारखी स्वतःलाच जोडली गेली असेल या भीतीने कर्नेल 2048 नोंदींच्या पलीकडे जात नाही. मरणाच्या नेमक्या क्षणाचाही विचार करून ठेवणारी ही दक्षता मला या साऱ्या विषयातील सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. रिअल-टाइम यंत्रणेच्या दृष्टीने त्या मर्यादेला आणखीही एक मोल आहे, कारण आवरण्याच्या कामालाही वेळ लागतो आणि तो किती लागेल हे आधी ठाऊक असणे तेथे आवश्यक असते.

दुसरा मार्ग मरणाला काही क्षण मज्जाव करण्याचा. व्हीएक्सवर्क्समध्ये म्यूटेक्स निर्माण करतानाच ‘धारकास संपवू नये’ असा पर्याय निवडता येतो. मग जोवर तो हाती आहे तोवर त्या टास्कला संपवू पाहणाऱ्यालाच थांबावे लागते. एडा या भाषेत संरक्षित क्रिया चालू असताना आलेली संपविण्याची आज्ञा ती क्रिया पुरी होईपर्यंत आपोआप लांबणीवर पडते. हा उपाय प्रभावी आहे, पण त्याची सीमा ओळखली पाहिजे: तो बाहेरून येणाऱ्या मरणाला थोपवितो, टास्कच्या स्वतःच्या चुकीने ओढवणाऱ्या मरणावर त्याचा इलाज चालत नाही. तिसरा मार्ग बंदीचा आहे आणि मोटारउद्योगाने तो पत्करला. 1993 मध्ये जर्मनीत आरंभ झालेल्या ओसेक या मानकानुसार, साधन हाती असताना टास्कने स्वतःला संपविण्याचा प्रयत्न केला तर ती चूक मानली जाते; पुढे त्यावरूनच उभ्या राहिलेल्या ऑटोसार या मानकाने, संपण्याची विधियुक्त आज्ञा न देताच जो टास्क संपतो त्याच्याकडील साधने सोडविण्याचे काम ऑपरेटिंग सिस्टीमवर सोपविले. पुण्यात मोटारींच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे कितीतरी मराठी अभियंते आज याच मानकांच्या चौकटीत प्रोग्रॅम लिहीत असतात.

या सर्वांहून श्रेष्ठ मार्ग मात्र रचनेतच आहे. टास्कला बाहेरून मारू नये. त्याला थांबण्याची विनंती करावी. एक खूण ठेवावी, टास्कने आपल्या प्रत्येक फेरीच्या अखेरीस, हाती एकही कुलूप नसताना, ती पाहावी आणि थांबावयाचे असेल तर घेतलेल्या गोष्टी उलट क्रमाने परत करून स्वतःच निरोप घ्यावा. सेमाफोर घेणारी ओळ लिहितानाच तो परत करणारी ओळ लिहावी, आणि मधून बाहेर पडण्याची प्रत्येक वाट तिच्यावरूनच जाईल असे पाहावे. अर्धवट नोंदीचा धोका टाळावयाचा तर चालू नोंदीत फेरफार न करता तिची दुसरी प्रत सिद्ध करावी आणि ती पूर्ण झाल्यावर एकाच अखंड क्रियेने जुनीच्या जागी नवी आणावी. मग लिहिणारा कोणत्याही क्षणी मेला तरी वाचणाऱ्याला जुनी किंवा नवी, पण संपूर्णच नोंद मिळते. आणि कोणत्याही टास्कने सेमाफोरसाठी अमर्याद काळ वाट पाहू नये; मुदत घालावी, आणि मुदत टळली तर काय करावयाचे हेही लिहून ठेवावे.

इतके करूनही न सुचलेले काही उरतेच, आणि त्यासाठी अखेरचा उपाय म्हणजे साऱ्या यंत्रणेचा पुनरारंभ. त्यात सर्व सेमाफोर आपल्या मूळ आकड्यावर येतात, सर्व रांगा रिकाम्या होतात. 4 जुलै 1997 रोजी मंगळावर उतरलेल्या पाथफाइंडर या अमेरिकन यानावर हेच घडले. तेथे कोणताही टास्क मेला नव्हता. हवामानाची मापे घेणारा खालच्या अग्रक्रमाचा टास्क एक म्यूटेक्स धरून होता, त्याच म्यूटेक्ससाठी वरच्या अग्रक्रमाचा एक टास्क खोळंबला होता, आणि मधल्या अग्रक्रमाची कामे त्या खालच्याला चालूच देत नव्हती. परिणाम मात्र मालक मेल्यासारखाच झाला: कुलूप वेळेत सुटले नाही. ठरलेले काम मुदतीत झाले नाही हे देखरेख करणाऱ्या टास्कला आढळले आणि त्याने सारा संगणक पुन्हा सुरू केला. गोळा झालेली माहिती शाबूत राहिली, पण त्या दिवसाची उरलेली कामे दुसऱ्या दिवसावर गेली, आणि हे पुन्हा पुन्हा होऊ लागले. पृथ्वीवरच्या प्रतिकृतीवर अभियंत्यांनी तोच प्रसंग घडवून कारण शोधले आणि म्यूटेक्सच्या अग्रक्रमवारशाचा, म्हणजे वर सांगितलेल्या उसन्या बढतीचा, बंद असलेला पर्याय यानावर दुरुस्ती पाठवून चालू केला. पुनरारंभाने यान वाचविले यात शंका नाही. परंतु दोष कोठे आहे ते पुनरारंभाने सांगितले नाही, ते मागे जपून ठेवलेल्या नोंदींवरून व परिश्रमपूर्वक तपासावरून कळले. अखेरचा उपाय नित्याचा होऊ दिला तर आतला दोष कायमचा झाकला जातो.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत सेमाफोर शिकवितात ते उत्पादक-ग्राहकाच्या किंवा जेवणाच्या मेजाभोवती बसलेल्या तत्त्ववेत्त्यांच्या उदाहरणाने. ही उदाहरणे उत्तम आहेत. पण त्यांत उत्पादक कधी दगावत नाही, आणि काटा हाती धरलेला तत्त्ववेत्ता कधी मेजावरून उठून जात नाही. विद्यार्थ्याने अशा उदाहरणाचा प्रोग्रॅम चालवून दाखविला म्हणजे त्याला पूर्ण गुण मिळतात. माझी विनंती अशी की त्यानंतर शिक्षकाने त्यातील एक टास्क, सेमाफोर हाती असताना, त्याच्यासमोर संपवावा आणि तीन प्रश्न विचारावेत: रांगेतल्यांचे काय झाले, कुलूप आता कोणाचे, आणि आडची नोंद खरी आहे हे कशावरून? या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थिदशेतच देण्याची सवय जडलेला अभियंता उद्या पंपाचा किंवा ब्रेकचा प्रोग्रॅम लिहावयास बसेल, तेव्हा टास्क सुरू करणारी आज्ञा लिहिण्यापूर्वीच तो कसा संपेल हे ठरवून ठेवील. आणि ज्या रुग्णाला किंवा प्रवाशाला सेमाफोर हा शब्दही ठाऊक नाही, त्याच्या जिवाची त्या अभियंत्यावर असलेली जबाबदारी खऱ्या अर्थाने पार पडेल.